काचेतलं हिरवं

पाकिटावरचं अक्षर स्मिताचं आहे हे सरलाने लगेच ओळखलं आणि चहाच्या कपाकडे निघालेला तिचा हात थांबला. संशोधनाच्या दिवसांत वसतिगृहात तिच्या खोलीत राहणाऱ्या स्मिताने साडेतीन वर्षांत तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता, की तिला एक ओळही लिहिली नव्हती. सौंसरच्या कॉलेजची स्टाफरूम, सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीतली दुपार, खिडकीबाहेर मुलांच्या सायकली उन्हात तापत उभ्या. तुळशीराम चपराशी डाक टेबलावर टाकून निघूनही गेला होता. आत एका परदेशी नियतकालिकातल्या पानांची झेरॉक्स होती आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं, 'तुझं हिरवं. त्यांनाही दिसलं.' सरलाने पानं वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून लेसरचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा झोत तासन् तास सोडत राहिलं, की काही तासांनी तंतूच्या दुसऱ्या टोकाशी हिरवा उजेड दिसू लागतो. तो आपोआप वाढत जातो. काचेत असं का व्हावं हे अजून उलगडलेलं नाही, असंही त्या लोकांनी सरळ लिहून टाकलं होतं. समोर बसलेल्या इतिहासाच्या जयश्री मॅडमनी विचारलं, ''काय झालं मॅडम? घरचं काही आहे का?'' सरला म्हणाली, ''नाही, जुन्या मैत्रिणीचं पत्र.'' आनंद व्हायला हवा होता. तिने आधी पाहिलं ते हे, की कोपऱ्यातली ती पेन्सिलची ओळ जयश्री मॅडमना बसल्या जागेवरून वाचता आली असेल का. मग तिने पानांची घडी घातली, अजून एक घडी घातली, आणि ती पर्समध्ये इतकी खोल दाबली की अस्तराची शिवण उसवली.

पुढच्या तासाला तिने फळ्यावर भिंगाची आकृती काढली आणि किरण काढताना खडू मोडला. मुलं हसली. तिला आठवत होती त्र्याऐंशीच्या पावसाळ्यातली ती प्रयोगशाळा, दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराच्या टोकाला असलेल्या संस्थेतली, जिथे खिडक्यांना काळं कापड लावलेलं असे आणि बाहेर पाऊस आहे की ऊन हे बाहेर गेल्यावरच कळे. त्या संस्थेत या भागातली ती दोघंच होती. ती सौंसरची, सरला गजभिये, आणि पांढुर्ण्याचा प्रभाकर सोमकुंवर. दोघांनी नागपूरहून एम.एस्सी. केलेलं, दोघांचा समाज एक, दोघांच्या घरात त्याआधी कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नाही. चारचौघांत दोघंही इंग्रजी नाहीतर पुस्तकी मराठी बोलत, पण कँटीनमधल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसलं की प्रभाकर लगेच म्हणायचा, ''काय करून राहिली व, सरला? जेवलीस का नाही?'' आणि तिच्या मानेवरची एक शीर सैल व्हायची. काम वेगवेगळं होतं. ती तंतूत विखुरणाऱ्या उजेडाची मापं घेत असे. एक दिवस झोत तंतूत सोडून ती ग्रंथालयात गेली, तिथून जेवायला, आणि पाच तासांनी परत आली तेव्हा तंतूच्या टोकासमोर ठेवलेल्या पांढऱ्या कार्डावर एक हिरवा ठिपका होता. कोवळ्या भाताचा असतो तसला हिरवा. ती किती वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली हे तिला कधीच सांगता आलं नाही. सरांकडे, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांकडे ती जवळजवळ धावतच गेली. सर रागावले नाहीत. ते समजावून सांगितल्यासारखे म्हणाले, ''काच म्हणजे काय, सरला? तिला ना डावं ना उजवं. सगळ्या दिशांनी सारखी. अशा पदार्थात प्रकाशाची वारंवारता दुप्पट होत नाही, अवरक्ताचा हिरवा होत नाही. हे बी.एस्सी.च्या मुलालाही ठाऊक असतं. टेबलावर कुठेतरी ते करणारा स्फटिक राहिला असेल, त्याचा हिरवा गळत असेल. कोणाला बोलू नकोस, हसतील.'' हसतील हा शब्द त्यांनी हळूच उच्चारला होता, आणि त्या हळूपणामुळेच तो तिच्या आत जाऊन बसला.

ती गप्प बसली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. हा विचार तिला इतक्या वेळा आला होता की त्याचे कोपरे गुळगुळीत झाले होते. पण तिने त्या रात्री खोलीत स्मिताला सांगितलं, आणि मग प्रभाकरला. तो म्हणाला, ''दिसलं तर दिसलं. पुन्हा करू.'' सर दौऱ्यावर गेले त्या आठवड्यात दोघांनी टेबलावरचा एकूण एक स्फटिक काढून कपाटात ठेवला आणि सकाळी झोत सुरू केला. तंतूच्या टोकापुढे सरलाने फिल्टर लावला. बोटाच्या पेराएवढी काच, ती हिरवा जाऊ देते आणि तो न दिसणारा झोत अडवते. दुपारी तीनच्या सुमाराला कार्डावर अगदी फिकं काहीतरी आल्यासारखं वाटलं. आहे की नाही? फिल्टर थोडा हिरवाही खातो म्हणून तिने तो काढून पाहिला; प्रभाकर तेव्हा पाठमोरा वहीत आकडे लिहीत होता. मग तिला मोजमापाच्या यंत्राची वायर सैल वाटली, ती टेबलाच्या पलीकडे गेली, खाली वाकली. इकडून प्रभाकरने विचारलं, ''या गॉगलमधून तर काहीच दिसून नाही राहिलं. काढू का?'' ती टेबलाखालून म्हणाली, ''काढून बघ ना एकदा.'' तो म्हणाला, ''फिल्टर आहे ना पुढे?'' तिच्या हातात वायर होती, डोक्यात हिरवा ठिपका होता, आणि ती म्हणाली, ''आहे.'' त्याने गॉगल काढून डावा डोळा तंतूच्या टोकाशी नेला. आवाज आला नाही. त्या उजेडाला पापणी मिटत नाही, कारण डोळ्याला तो उजेड आहे हेच कळत नाही. प्रभाकर म्हणाला, ''हिरवं आहे, सरला. लई हिरवं आहे.'' आणि मग, काही वेळाने, तसाच वाकलेला असताना म्हणाला, ''मधात काहीतरी काळं आलं.'' ती उठली. पहिली गोष्ट तिने काय केली? तिने त्याचा खांदा धरला नाही. तिने झोत बंद केला आणि बाजूला ठेवलेला फिल्टर उचलून पुन्हा जागेवर लावला. मग त्याचा हात धरून त्याला दवाखान्यात नेलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी सरांनी तिला बोलावलं. प्रभाकरच्या डाव्या डोळ्याची मधली नजर गेलेली होती. कडेकडेचं दिसत होतं, समोरचं नाही. सर म्हणाले, ''हिरवं दिसलं असं म्हणालीस तर परवानगीशिवाय प्रयोग केला असं होईल, आणि प्रयोग तुझा. तो काही झालं तरी वाचत नाही, त्याने गॉगल काढलाच आहे. दोघांनीही बुडायचं की एकाने तरी तगायचं, हे तू ठरव. तुमच्याकडून इथवर आजपर्यंत कोणी आलेलं नाही, म्हणून सांगतो.'' त्यांचा आवाज मऊ होता. समितीत तीन जण होते. त्यांनी विचारलं, ''तुम्हाला हिरवा प्रकाश दिसला होता?'' ती म्हणाली, ''नाही.'' त्यांनी विचारलं, ''फिल्टर जागेवर होता?'' ती म्हणाली, ''मी लावला होता.'' सकाळपुरतं ते खरं होतं. बाहेर बाकावर प्रभाकर डोळ्यावर पांढरी पट्टी बांधून बसला होता, त्याची पाळी तिच्यानंतर. आत जाताना तो तिला हसला. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्याने विचारलं, ''तू काय सांगितलं?'' ती म्हणाली, ''विचारलं ते.'' आत त्याने सगळं सांगितलं होतं, हिरवा होता, आम्ही दोघांनी पाहिला. समितीने लिहिलं, संशोधकाचा निष्काळजीपणा आणि दिशाभूल करणारं निवेदन. त्याची शिष्यवृत्ती गेली. सरलाने विखुरणाऱ्या उजेडाची मापं पूर्ण केली, डॉक्टरेट घेतली, सौंसरला नोकरी लागली. सत्काराच्या दिवशी वडिलांनी कोसल्याच्या रेशमाचा फेटा बांधला होता आणि गल्लीतल्या बायांनी तिच्यावरून लिंबू ओवाळलं होतं.

सौंसरहून पांढुर्णा बसने तासा-दीड तासावर. साडेतीन वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. नागपूरला जायचं तर लोधीखेड्यावरून छोट्या लाइनच्या गाडीने जाता येई, पांढुर्णा वाटेत लागत नसे, आणि ते लागत नाही याचं तिला दर वेळी बरं वाटे. बातम्या मात्र कानावर येत. तो जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर पत्र्याची अक्षरं धरून काळ्या रंगाने छाप मारतो. रेल्वेच्या परीक्षेत पास झाला होता, डोळ्याच्या तपासणीत गेला. त्याचं जमलेलं लग्न मोडलं. हे सगळं कोणी ना कोणी तिला लग्नात, तेराव्यात सांगे आणि ती 'अरेरे' म्हणे. तिला एक सवय लागली होती. कुठेही असली तरी ती मधूनच उजवा डोळा मिटून डाव्याने पाही, मग डावा मिटून उजव्याने. भिंत, फळा, ताटातला भात. मध्ये काही काळं आहे का? नसे. ते नसल्याचं कळून जो सुटकेचा श्वास येई त्याची तिला किळस येई, पण तास-दोन तासांनी ती पुन्हा तेच करी. त्या रात्री जेवताना आई म्हणाली, ''डोळ्यात काही गेलं का व?'' सरला म्हणाली, ''उद्या रविवार आहे. पांढुर्ण्याला जाऊन येते.'' आईने भाकरी तव्यावर उलटली आणि कशाला म्हणून विचारलं नाही. ते तिने विचारलं असतं तर कदाचित सरला गेली नसती.

बसमध्ये संत्र्यांच्या टोपल्या होत्या आणि त्यांचा आंबट, तिखट वास गरम पत्र्यात कोंडला होता. दोन्ही बाजूंना बागा, काही झाडं अजून लदलेली, काहींखाली गवतात सडकी फळं. ती मनात वाक्यं जुळवत होती. 'प्रभाकर, आपण बरोबर होतो.' आपण? 'प्रभाकर, तू बरोबर होतास.' हे जास्त बरं होतं. तो कागद त्याच्या हातात द्यायचा, तो वाचेल, त्याला कळेल की त्याच्या डोळ्याने जे शेवटचं नीट पाहिलं ते खोटं नव्हतं. एवढंच करायचं आणि चारच्या बसने परत यायचं. फिल्टरबद्दल बोलायची गरज नव्हती. त्याने कधी विचारलं नव्हतं. पण गाव जवळ येऊ लागलं तसं तिने पर्स उघडून कागद आहे का ते पाहिलं. तिला वाटलं, आपण चांगली बातमी घेऊन चाललो नाही आहोत. आपण आणखी काहीतरी घेऊन चाललो आहोत आणि ते या पर्समध्ये नाही. शेजारची बाई म्हणाली, ''बाई, तुमाले घाम सुटून राहिला. खिडकी उघडू का?'' खिडकी उघडीच होती.

दार त्याच्या आईने, वच्छलाबाईंनी उघडलं. बुटकी, सुकलेली बाई, नऊवारी, कपाळ मोकळं. ''जयभीम,'' सरला म्हणाली, ''मी सौंसरची...'' पुढे बोलायची वेळच आली नाही. वच्छलाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. ''सरला ना तू? त्याच्या फोटूत हायेस. ये, ये बापा. त्या दिवशी त्याले दवाखान्यात तूच नेलं म्हणे. मी किती वेळा म्हटलं, एकदा तिले बोलाव, तिच्या पाया पडतो.'' आणि त्या खरंच वाकू लागल्या. सरलाने त्यांना कसंबसं धरलं. त्या खांद्याच्या हाडांचा स्पर्श तिच्या तळव्यांत तसाच राहिला. आतून प्रभाकर आला. पहिल्यांदा त्याने तोंड फिरवलं असं तिला वाटलं. मग कळलं की तो तिला नीट पाहत होता. मान डावीकडे वळवून, उजवा डोळा पुढे करून, कडेच्या नजरेने. बोटांच्या नखांत काळा रंग होता. ''सरला,'' तो म्हणाला, ''डॉक्टरीण झाली म्हणे तू.'' आवाज तोच होता, कँटीनमधला.

आई चहा टाकायला मागे गेली. सरलाने कागद दिला. त्याने तो उजव्या डोळ्यासमोर तिरपा धरला आणि वाचू लागला. अर्धं पान झाल्यावर तो खाटेवर बसला. त्याचे ओठ हलत होते, परीक्षेच्या आधी हलायचे तसे. ''किती तास म्हणतात हे?'' त्याने विचारलं आणि उत्तराआधीच ओळ सापडून हसला. ''आपल्यापेक्षा जास्त लागले की यांना. आपला तंतू चांगला होता गड्या.'' मग त्याने कागद खाली घेतला. त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, फक्त उजव्या डोळ्यातून की दोन्ही, हे पाहायची तिची हिंमत झाली नाही. तो म्हणाला, ''मले वाटायला लागलं होतं, हिरवं काही नव्हतंच. डोळा जळताना तसं दिसलं असन. खोटं बोललो मी तिथं, असं वाटायला लागलं होतं. तू नाही म्हणालीस ना, ते मागून निकालाच्या दिवशी वाचून दाखवलं होतं त्यांनी मले. मग मी म्हटलं, सरला कायले खोटं बोलन?'' तिला उठावंसं वाटलं. चार वाजायला अजून बराच वेळ होता. तो पुढे म्हणाला, ''आता एकच राहिलं. फिल्टर. मी वाकलो तवा माझीच बाही लागून पडला असन. त्याच्यावर मी लई विचार केला. बाही कशी होती, बटन लावलं होतं का नव्हतं. रोज विचार करतो. गाठीवर छाप मारतानाही.''

हा तो क्षण होता जो तिने बसमध्ये टाळून ठेवला होता. बाही. साडेतीन वर्षं हा माणूस एका बाहीचा विचार करत होता. गप्प राहणं अगदी सोपं होतं. बाहीच होती म्हणायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प. मग तिने स्वतःचा आवाज ऐकला, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. ''बाही नव्हती. फिल्टर मी काढला होता. तू विचारलंस तेव्हा मी बघितलं नाही, आहे म्हणाले. नंतर मीच तो परत लावला.'' प्रभाकरने मान वळवली. तो तिला पाहत होता, खूप वेळ, त्या कडेच्या नजरेने. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कागदाची नीट घडी केली आणि तो मांडीवर ठेवला. ''हे मले माहीत नव्हतं,'' तो म्हणाला. दारात वच्छलाबाई चहाच्या दोन कपबशा घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, ते सरलाला कळलं नाही.

वच्छलाबाईंनी कपबशा खाली ठेवल्या. ''काय काढलं तू?'' सरलाने सांगितलं. फिल्टर म्हणजे काय ते सांगितलं, चष्म्याच्या भिंगासारखी, पेराएवढी काच, ती पुढे असती तर डोळा गेला नसता. वच्छलाबाईंनी शांतपणे ऐकलं. ''आन् तू त्याले आहे म्हणाली?'' ''हो.'' ''आन् मग त्या सायबांपुढं?'' ''तिथेही खरं सांगितलं नाही.'' म्हातारीने पदर कमरेला खोचला. ''या गावात काय म्हणतात माहीत हाय का तुले? पिऊन होता म्हणतात. तिथून चोरी करून हाकलला म्हणतात. भगवंतराव गुरुजीनं आपली पोरगी द्यायची नाही म्हटलं, ह्याच्याच पायी.'' त्या पुढे आल्या आणि त्यांनी सरलाचं डावं मनगट धरलं. मघा पाया पडायला निघालेले हेच हात होते. प्रभाकर म्हणाला, ''आई, राहू दे.'' त्या त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, ''तू बस.'' आणि सरलाला घेऊन दाराबाहेर पडल्या.

गल्लीत ऊन सपाट पडलं होतं. मनगटावरची पकड घट्ट नव्हती, सोडवून घेता आली असती, आणि म्हणूनच सरला चालत राहिली. पहिल्या घरी एक बाई गहू निवडत होती. वच्छलाबाई म्हणाल्या, ''सांग.'' सरलाने सांगितलं, अडखळत, मधले शब्द गिळत. बाईने सूप बाजूला केलं आणि डोक्यावरचा पदर सावरला. दुसऱ्या घरी दोन म्हातारे खाटेवर बसले होते. एकाने विचारलं, ''म्हणजे पोरगा पिऊन नव्हता?'' ''नव्हता,'' सरला म्हणाली, ''कधीच नव्हता.'' तिसऱ्या घरी पोचेपर्यंत मागे चार-पाच माणसं चालत होती, आणि तिथे वाक्य न अडखळता आलं. सरळ, नीट, समितीपुढे आलं होतं तसं. खरं आणि खोटं तिच्या तोंडून अगदी एकाच आवाजात बाहेर पडत होतं. ऐकणाऱ्याला फरक कसा कळणार? कोणीतरी मागे कुजबुजलं, ''सौंसरची प्रोफेसर हाय ही.'' उद्या सकाळपर्यंत हे सौंसरजवळच्या बोरगावला असेल, दुपारी कॉलेजात. तिने एकदा मागे वळून पाहिलं. प्रभाकर दारात उभा होता. तो आला नाही आणि आतही गेला नाही.

भगवंतराव गुरुजींचं घर गल्लीच्या टोकाला. निवृत्त हेडमास्तर, पांढरा सदरा, कानाला जरा कमी. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं, दोनदा 'काय?' म्हणून विचारलं, मग आत जाऊन रेघांचा कागद आणि पेन घेऊन आले. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी अमरावतीला दिली होती. ''बोललेलं वाऱ्यावर जातं, बाई,'' ते म्हणाले. ''लिहा. खाली नाव, हुद्दा, कॉलेज. एक प्रत तुमच्या त्या संस्थेला मी स्वतः पाठवीन.'' सरला ओट्यावर बसली. गुडघ्यावर पाटी ठेवतात तशी तिने त्यांनी दिलेली पुठ्ठ्याची फाईल ठेवली आणि लिहू लागली. नोकरी जाईल का, डॉक्टरेट काढून घेतात का, वडिलांना कोण सांगेल. हे प्रश्न आले आणि रांगेत उभे राहिले, पण पेन थांबलं नाही. तारीख, जागा, फिल्टर, तिने दिलेलं उत्तर, समितीपुढचं उत्तर. हिरवा प्रकाश मला दिसला होता, असंही लिहिलं. सही केली. तिला वाटलं होतं, लिहून झाल्यावर काहीतरी हलकं होईल. झालं नाही. नुसती बोटं दुखत होती.

गुरुजींनी चष्मा चढवला आणि कागद हातभर लांब धरला. कमी ऐकू येणारी माणसं वाचतात तसे ते मोठ्या, ठाशीव आवाजात वाचू लागले, एकेक शब्द सुटा करून, वर्गाला धडा वाचून दाखवावा तसे. 'फिल्टर मी काढला होता. त्याने विचारल्यावर मी आहे असे सांगितले.' ते शब्द आता तिचे राहिले नव्हते. ते दुसऱ्याच्या तोंडून, पुरुषी, कोरड्या आवाजात तिच्यावर येत होते, आणि प्रत्येक शब्द नेमका जिथे लागायचा तिथे लागत होता. शेवटी तिचं नाव आलं, हुद्दा आला, गाव आलं. गुरुजींनी कागद खाली घेतला आणि सगळ्यांकडे पाहिलं.

वच्छलाबाईंनी तिचं डावं मनगट अजून सोडलं नव्हतं.

''पुन्हा वाचा,'' त्या म्हणाल्या.